आबू-राणकपूर सहल : साडेतीन तारे, त्यातला एक सासूबाईंचा

पैशांचं आधी सांगते, कारण असं काही वाचायला घेतलं की मीही आधी तेच शोधते. सहा दिवस, पाच रात्री, माणशी २६,५०० रुपये. मिरजेला गाडीत बसल्यापासून परत मिरजेला उतरेपर्यंत सगळं त्यात. आम्ही चौदा जण आणि एक टूर मॅनेजर. कंपनी आमच्याच भागातली, लहानशी. नाव लिहीत नाही. मालकांना जे सांगायचं ते मी फोनवर अर्धा तास सांगितलंय, त्यांनीही मध्ये न बोलता ऐकून घेतलं, विषय तिथे मिटला. हे लिहितेय ते कुठल्याही कंपनीबरोबर आबू-राणकपूरला जाणाऱ्यांसाठी. पत्रकं सगळ्यांची सारखीच असतात.

आमच्या पत्रकावर ‘जैन मंदिर स्थापत्य विशेष’ असं ठळक छापलं होतं. त्यातल्या ‘स्थापत्य’ या शब्दाला मी भुलले. सांगलीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. (ड्राफ्ट्सवुमन असं तिथे कुणीच म्हणत नव्हतं, मीही नाही.) ट्रेसिंग पेपर, ब्लेडनं खरवडून खोडलेल्या रेघा, अमोनिया प्रिंटचा वास, तिथपासून ऑटोकॅडपर्यंत. बहुतेक काम म्हणजे अपार्टमेंटचे जिने आणि संडासाचे डक्ट. निवृत्त झाल्यावर एकदा तरी असं काही बघायचं होतं, की जे काढताना मला मजा आली असती.

बरोबर सासूबाई. वय ८१, माहेर निपाणीकडचं, गुडघे दोन्ही देवानं दिलेलेच. आम्ही दिगंबर. आमच्याकडे मंदिराला बस्ती म्हणतात. समोर मानस्तंभ, आत गारवा, मूर्तीच्या अंगावर काही नाही, डोळे अर्धे मिटलेले. सासूबाईंनी आयुष्यभर तेच पाहिलेलं. श्वेतांबर मंदिरात त्या पहिल्यांदाच पाऊल टाकणार होत्या, त्यामुळे मला जरा धाकधूक होती. ती फुकट गेली. सहलीत मला जे काही कळलं त्यातलं निम्मं त्यांच्यामुळे.

जेवणाचं एकदाच सांगून मोकळी होते. पत्रकात ‘जैन जेवणाची खास सोय’ होती. कांदा, लसूण, बटाटा काढला की जेवण जैन झालं, असं या लोकांना वाटतं. ते वाढायचे रात्री साडेआठला! जानेवारीत तिकडे सहाच्या सुमाराला दिवस मावळतो, आणि त्यानंतर सासूबाई ताटाकडे बघत नाहीत. पहिल्या दोन संध्याकाळी त्यांनी घरून बांधून नेलेल्या दशम्या आणि बिनलसणाची शेंगांची चटणी खाल्ली, हॉटेलच्या खोलीत, खिडकीकडे बघत, सूर्यावर डोळा ठेवून. मॅनेजर पोरगा गुणी होता. ‘‘आजी, सूप तरी घ्या,’’ म्हणत दाराशी उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला सगळं नीट समजावलं, तेव्हापासून साडेपाचला गरम ताट मिळू लागलं. म्हणजे जमण्यासारखं होतं, नोंदणीच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

आता दिलवाडा, म्हणजे आबूवरची जैन मंदिरं.

पर्यटकांना तिथे दुपारी बारापासून आत सोडतात, सकाळची वेळ दर्शन-पूजेची. ही काही गुपित गोष्ट नाही, तरी आमची बस दहाला दारात हजर. बारा माणसं दोन तास चहाच्या टपऱ्या धुंडाळत बसली. आम्ही दोघी दर्शनाला म्हणून आत गेलो. आमच्या ग्रुपमधल्या काकूंनी त्यावरून मला दिवसभर ऐकवलं, पण त्यात माझा काय दोष?

मोबाईल, कॅमेरा, चामड्याचा पट्टा, पर्स, सगळं बाहेर ठेवायचं. दिलवाड्याला फोटोच काढू देत नाहीत. सुरुवातीला मी चरफडले. पाचव्या मिनिटाला विसरले. फोटो काढता येणार नाही म्हटल्यावर डोळ्यांनाच काम करावं लागतं.

बाहेरून काही म्हणजे काही नाही. साध्या भिंती, जुन्या वाड्याचं मागचं अंग असावं तशा. सासूबाई थांबल्या, म्हणाल्या, ‘‘हेच व्हय? ह्याच्यासाठी एवढ्या लांब आणलंस?’’ आणि उंबरा ओलांडल्यावर पुढची पंधरा मिनिटं एक शब्द नाही.

विमल वसही आधी. सन १०३१. गुजरातचा सोळंकी राजा पहिला भीमदेव, त्याचा मंत्री विमलशाह, त्यानं बांधवलेलं आदिनाथांचं मंदिर. प्लॅन म्हणून बघाल तर सोपा आहे : मधोमध एका रेषेत गाभारा, त्याच्यापुढे गूढमंडप (भिंतींनी बंद असलेला), मग नवचौकी (नऊ चौकटींचा मंडप), मग उघडा रंगमंडप, आणि या सगळ्याला वेढून चौक, चौकाच्या कडेनं लहान लहान देवकुलिकांची रांग. आपल्या देवळांना ओवऱ्या असतात ना, तशीच कल्पना, फक्त प्रत्येक ओवरीत एक तीर्थंकर आणि प्रत्येकीपुढच्या छतात वेगळी नक्षी. मान वर करून भमतीतून, म्हणजे या रांगेपुढच्या प्रदक्षिणेच्या वाटेनं, एक फेरी मारली की मानेचं काम झालं.

रंगमंडपाच्या छताखाली मात्र मी बसूनच घेतलं. हे जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या गाइडनं यातलं अक्षर उच्चारलं नाही.

आमच्या कामात घुमट किंवा कमान म्हटलं की आधी खालून सेंट्रिंग, मग विटा, मग मधली किल्लीची वीट बसली की सेंट्रिंग काढायचं. इथे ती जातच वेगळी. कमानीचा संबंधच नाही. खांबांवर तुळया टाकून आधी अष्टकोन केला. मग अष्टकोनाचे कोपरे कापत सोळा बाजू, मग वर्तुळ. त्यावर दगडांचं एक आडवं वलय. त्याच्यावर दुसरं, थोडं आत सरकवलेलं. मग तिसरं, आणखी आत. असं करत करत भोक लहान होत जातं आणि शेवटी मिटतं. प्रत्येक वलय स्वतःपुरतं पूर्ण आहे, दगड एकमेकांना रेटून बसलेले, त्यामुळे आत पडायला जागाच नाही. लहानपणी आपण बांगड्या उतरत्या क्रमानं एकावर एक रचायचो, तसं. मग त्या प्रत्येक वलयाच्या काठाला कोरायला मिळालेली पट्टी : एकात हत्ती, एकात नर्तकी, एकात नुसती पानं. वर, पुढे काढलेल्या दगडी हातांवर उभ्या सोळा विद्यादेवी, घुमटाच्या छत्रीला काड्या असाव्यात तशा. म्हणजे नक्षी काही वरून चिकटवलेली नाही, बांधणीतूनच आलेली आहे. हे कळल्यावर छत वाचता येतं. नाहीतर ‘बापरे, किती बारीक काम’ यापलीकडे माणूस जात नाही. आमचे बारा जण नंतर आत येऊन तेवढंच म्हणून बाहेर पडले. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही.

तिथून शेजारच्या लूण वसहीत. हे जवळजवळ दोनशे वर्षांनंतरचं, सन १२३०. वस्तुपाल आणि तेजपाल या दोन मंत्रीबंधूंपैकी तेजपालानं बांधवलं, वारलेला भाऊ लूणिग याच्या नावानं, असं सांगतात. सूत्रधार, म्हणजे मुख्य शिल्पी, शोभनदेव. मूलनायक, म्हणजे गाभाऱ्यातली मुख्य मूर्ती, नेमिनाथांची. दोनशे वर्षांत हात किती सैल झाला ते इथे दिसतं. रंगमंडपाच्या घुमटातून मधोमध एक लोलक खाली उतरलाय, उमलत्या कमळासारखा, पाकळ्या इतक्या पातळ की कडांमधून उजेड आरपार दिसतो. संगमरवर आहे हे मला स्वतःला दोनदा सांगावं लागलं.

सासूबाईंनी वर बघितलं. मग माझ्याकडे. मग परत वर.

‘‘हे आपल्या बेळगावच्या कमळ बस्तीत हाय की गं.’’

बेळगावच्या किल्ल्यात कमळ बस्ती आहे, बऱ्याच जणांना ठाऊक असेल. रट्ट राजवटीतली, सन १२०४. काळ्या दगडाची. तिच्या मंडपाच्या छतातून असंच एक दगडी कमळ खाली आलंय, त्यावरूनच नाव पडलं. सासूबाई लग्नाआधी वडिलांबरोबर तिथे जायच्या. मी म्हटलं, आत्याबाई, ते काळं, हे पांढरं, कुठे बेळगाव आणि कुठे आबू. त्यांनी ऐकलंच नाही. काठीच्या टोकानं वर दाखवत म्हणाल्या, ‘‘ती बारकी बारकी बसलेली मोज.’’ लोलकाभोवती एका वलयात बसलेल्या तीर्थंकरांच्या लहान मूर्ती आहेत, त्या. मी तीस-पस्तीसपर्यंत मोजलं आणि चुकले. ‘‘बहात्तर असणार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मागली चोवीस, आताची चोवीस, पुढं होणारी चोवीस. कमळ बस्तीतल्या पाकळ्या पण बहात्तरच.’’

मी बाहेर येऊन दोनदा खात्री केली. लूण वसहीच्या त्या वलयात ७२ तीर्थंकर आहेत. त्याच्या खाली आणखी एक वलय, त्यात ३६० साधूंच्या इवल्या आकृती. आणि बेळगावातही मूलनायक नेमिनाथच. सव्वीस वर्षांच्या अंतरानं, देशाच्या दोन टोकांना, दोन पंथांच्या, दोन वेगळ्या घराण्यांच्या राज्यांत, एकानं काळ्या दगडात आणि एकानं पांढऱ्यात तेच कमळ लटकवलं, तेच बहात्तर धरून. कुणी कुणाचं बघून केलं असं मी म्हणत नाही. मुळात हिशेब एक असला की असं होत असावं. २६,५०० रुपयांतले निदान दहा हजार माझे तिथे वसूल झाले.

गाइडनं याच ठिकाणी काय सांगितलं? कारागिरांना खरवडलेल्या भुकटीच्या वजनाइतकी चांदी द्यायचे, म्हणून. ही गोष्ट तिथे प्रत्येक जण सांगतो. खरी-खोटी असो, तिच्यात एक धागा आहे : इतकी पातळ पाकळी छिन्नी-हातोड्यानं ठोकून निघणार नाही, तुटेल. शेवटचं काम घासून, खरवडूनच होणार, आणि त्याला ठोकण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागणार. म्हणजे मजुरी भुकटीवर मोजणं अगदी वेडेपणाचं नाही. आमच्याकडेही टाइल्सवाला घासाईचे वेगळे लावतोच की.

देवराणी-जेठाणीचे गोखले, म्हणजे कोरीव कोनाडे, लूण वसहीतच, गूढमंडपाच्या दाराच्या दोन बाजूंना. दोन जावांनी एकमेकींवर चढ म्हणून करवून घेतले असं लोक सांगतात. सासूबाईंनी दोन्ही बारकाईनं बघितले आणि ‘‘मोठीचा बरा हाय,’’ असा निकाल दिला. त्या स्वतः थोरल्या जाऊबाई.

बाहेर आल्यावर टपरीवर बसून मी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लक्षात राहिलेला प्लॅन काढला. ‘जैन मंदिर स्थापत्य विशेष’चा तो एक उपयोग झाला.

तिसऱ्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. पत्रकात अंबाजीजवळचं कुंभारिया होतं. तिथे सोळंकी काळातली पाच जैन मंदिरं आहेत, त्यातलं महावीरांचं १०६२ चं, म्हणजे विमल वसहीनंतर अवघ्या एकतीस वर्षांचं. आबूला ज्या आरासणच्या खाणींतला संगमरवर चढवला त्या तिथल्याच. दगड निघाला ती जागा आणि दगड लागला ती जागा एकापाठोपाठ बघायची म्हणून मी डोळे लावून बसले होते. ‘वेळ कमी पडतोय’ म्हणून ते गाळलं आणि वाटेत एका मूर्तीच्या दुकानात सव्वा तास थांबलो. दुकानदारानं सगळ्यांना चहा पाजला. कळलं ना? एक तारा तिथेच गेला.

राणकपूरला दुपारी साडेतीनला पोचलो. पर्यटकांसाठी दार पाचला बंद. मॅनेजर म्हणाला, ‘‘दीड तास आहे, भरपूर आहे.’’

अरवलीच्या कुशीत, झाडीत, मघई नदीच्या काठी एकदम ते उभं राहतं. दिलवाड्याच्या अगदी उलट. दिलवाडा बाहेरून गप्प, हे बाहेरूनच तीन मजले उंच, शिखरांवर शिखरं, आणि त्याखाली उंच जोतं. पायऱ्या बऱ्याच आहेत. सासूबाई तीनदा टेकल्या. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी हे मनात धरून वेळ ठेवावा, कंपनी धरत नाही. दारात पाटी आहे : चामड्याच्या वस्तू नकोत, पाळी चालू असलेल्या बायकांनी आत येऊ नये. त्यावर माझं मत माझ्यापाशी. पण इतक्या लांब येऊन बाहेर बसावं लागू नये म्हणून आधी कळलेलं बरं.

गोष्ट थोडक्यात अशी. धरणाशाह नावाचा पोरवाड व्यापारी. त्याला स्वप्नात नलिनीगुल्म नावाचं देवविमान दिसलं. तसं मंदिर बांधायचं त्यानं घेतलं. मेवाडच्या राणा कुंभानं जागा दिली, गावाला नाव राणावरून पडलं. बऱ्याच शिल्पींनी आराखडे आणले, पसंत पडला तो देपा नावाच्या सूत्रधाराचा. शिलालेखातलं साल १४३९. मला या सगळ्यात देपाबद्दल सगळ्यात जास्त आपुलकी वाटली. मालकाच्या डोक्यात स्वप्न आणि ते कागदावर आणायचं दुसऱ्यानं, हे मी एकतीस वर्षं केलंय. फक्त माझ्या मालकांची स्वप्नं टू-बीएचकेची होती.

आमच्या गाइडनं मात्र तीन गोष्टींवर सगळा वेळ घालवला : १४४४ खांब, त्यातला एक वाकडा खांब, आणि सहस्रफणा पार्श्वनाथांचा पट. पट सुंदर आहे, एकाच शिळेत, नागांच्या वेटोळ्यांची गाठ सुरू कुठे होते ते सापडत नाही. तिथे फोटोसाठी रांग. वाकड्या खांबाशी आणखी मोठी रांग. पाऊण तास संपला.

आता त्या १४४४ बद्दल. मंदिराचा विस्तार ४८,००० चौरस फूट सांगतात. भागून बघा. दर तेहेतीस चौरस फुटांना एक खांब, म्हणजे दोन खांबांत पावणेसहा फुटांचं अंतर. तिथे उभं राहून कुणीही सांगेल की खांब इतके दाट नाहीत. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकानं इथलं वर्णन लिहिलं, त्यात वीस घुमट आणि सुमारे ४२० खांब अशी नोंद आहे. वरच्या मजल्यांवरचे, भिंतीत अर्धे बसवलेले, देवकुलिकांचे असे सगळे धरून आकडा वाढेल, कितीही वाढो. मला त्या आकड्याचा राग नाही. पण आकडा ऐकला की लोक खांब मोजायला लागतात आणि खांब का आहेत ते विचारायचं राहतं.

का आहेत? दगडाला दाबून ठेवा, वाटेल तेवढं वजन घेईल. आडवा टाकून मध्ये वजन द्या, मोडेल. आपण काँक्रीटच्या पोटात लोखंड घालतो ते त्यासाठीच. त्यांच्याकडे लोखंडाची सळई नव्हती, म्हणून तुळई आखूड ठेवायची आणि खांब वाढवायचे. खांबाच्या डोक्यावर चारी बाजूंना हात काढायचे, म्हणजे तुळई आणखी आखूड होते. एवढं करून मंडपाच्या मध्ये मोकळी जागा हवी, तर तिथले खांब काढून आधी सांगितला तसा वलयांचा घुमट टाकायचा. फर्ग्युसनच्या मोजणीनं बहुतेक घुमट २४ फुटांचे. पश्चिमेच्या मुख्य दाराकडचा एक मात्र ३६ फुटांचा, आणि त्याला सोळा खांब. बिनलोखंडाचे, बिनकमानीचे ३६ फूट! आजही आमच्याकडे बारा फुटांच्या हॉलला मध्ये बीम दिसला की गिऱ्हाईक कटकट करतं.

पाच वाजता शिट्ट्या वाजवून बाहेर काढलं. मी तीनच मंडप पाहिले होते, आणि माझ्या मनात एक गणित अडकलं होतं. रात्री मॅनेजरला सांगितलं, उद्या तुम्ही कुंभलगडला जा, आम्ही दोघी इथेच. त्यानं मालकांना फोन लावला, मालक म्हणाले पैसे परत मिळणार नाहीत. मी मागितलेच नव्हते. टॅक्सीवाल्यानं येऊन-जाऊन आणि थांबायचे मिळून बाराशे घेतले.

राणकपूरचा हा दुसरा दिवस हाच या सहलीचा खरा दिवस, आणि तो सहलीत नव्हता.

सकाळी दर्शनाला गेलो. संगमरवर पायाला बर्फासारखा लागत होता. सासूबाईंनी मूलनायकांसमोर नमस्कार केला, थोडा वेळ निरखून बघितलं. आदिनाथांची पांढरी मूर्ती, डोळे वेगळे बसवलेले, उघडे, सरळ आपल्याकडे बघणारे. ‘‘आपले मिटून बसत्यात, हे बघत्यात,’’ एवढंच म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. मग एका खांबाला पाठ टेकवून बसल्या, माळ काढली आणि मला म्हणाल्या, जा फिर.

अडकलेलं गणित असं होतं. गाभाऱ्याला चार दारं. चारी दिशांना तोंड करून आदिनाथांच्या चार मूर्ती, म्हणून चौमुख. चारी दारांपुढे मंडप. म्हणजे प्लॅनचा एक चतकोर काढायचा आणि बाकीचे तीन मिरर करायचे, दहा मिनिटांचं काम. वहीत मी तसा चतकोर काढला, पावलांनी अंतरं मोजत. आणि मग फिरून ताडून पाहिलं, तर जुळेना. पश्चिमेकडचा हात जास्त लांब. तिकडचे मंडप उंच, मोठे. चारही दिशा सारख्या असा देवाचा नियम, पण माणूस येणार एका रस्त्यानं, त्याला एक पुढचं दार लागतंच. देपानं दोन्ही सांभाळलं. गाभाऱ्याशी चौघं अगदी सारखे आणि जसजसं बाहेर यावं तसतशी पश्चिम हळूच मोठी होत जाते. आत उभं असताना ते कळतसुद्धा नाही. मोजलं तेव्हा कळलं.

चौमुख कशासाठी, हेही गाइडनं सांगितलं नव्हतं. तीर्थंकरांची धर्मसभा म्हणजे समवसरण. ते मध्ये बसतात, सभोवार देव, माणसं, पशू. कुणाच्याही वाट्याला पाठ येऊ नये म्हणून चारी दिशांना त्यांचं रूप दिसतं. हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. ते एकदा डोक्यात घेतलं की राणकपूरचा प्लॅन कोड्यासारखा राहत नाही. खांबांच्या ओळी म्हणजे त्या सभेतल्या वाटा. कर्नाटकातल्या कारकळची चतुर्मुख बस्ती मी पाहिलीय, १५८६ ची, १०८ खांबांची, तिलाही चार दारं. ती ग्रॅनाइटची, वर नुसत्या दगडी फरश्यांचं सपाट छप्पर, कोकणातल्या पावसाला तोंड देणाऱ्या घरासारखी दणकट. तेव्हा मला ती जरा ओबडधोबड वाटली होती. राणकपूर पाहिल्यावर तिचा मान वाढला; कल्पना तीच, फक्त घुमट आणि लोलक काढून घेतलेली.

‘कुठूनही बघा, मूर्ती दिसते’ असं तिथे सांगतात. मी आठ ठिकाणांहून पाहिलं. पाच ठिकाणी दिसली, तीन ठिकाणी खांब आड आले. पण एक पाऊल डावी-उजवीकडे सरकलं की तेच खांब एका ओळीत येतात आणि दार उघडल्यासारखी लांबवर गल्ली दिसते. पुन्हा पाऊल टाकलं की मिटते. तासभर मी तेच करत होते, मांजरानं उन्हाच्या कवडशाशी खेळावं तसं. एक पुजारी बघून हसले. कवडसा म्हटलं ते खरंच आहे, कारण मंडपांच्या मधेमधे उघडी अंगणं सोडलीत. इतक्या मोठ्या इमारतीच्या पोटात एकही जागा काळोखी नाही. ऊन अंगणात उतरतं, पांढऱ्या फरशीवरून उसळतं आणि छताच्या नक्षीला खालून उजेड मिळतो. छत बघायला बॅटरी लागत नाही. अपार्टमेंटमधल्या डक्टवर आयुष्य काढलेल्या बाईनं याला हात जोडले.

मधल्या एका अंगणात रायणचं जुनं झाड आहे, फरशीतून वर आलेलं. सासूबाई आदिनाथांच्या समोरून उठून त्याच्या सावलीत जाऊन बसल्या होत्या. परत गेले तेव्हा शेजारी एक मारवाडी आजी. यांना हिंदी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि दोघींच्या गुडघ्यांवर सविस्तर बोलणं चाललेलं.

दुपारी भोजनशाळेत जेवलो. पंगत, स्टीलची ताटं, डाळ, भाजी, पोळ्या, तुपाचा हात सैल. ताट धुऊन पिण्यापर्यंत स्वच्छ करणारी दोन माणसं शेजारी बसली होती, सासूबाईंनी समाधानानं पाहिलं. पत्रकातल्या सगळ्या जेवणांपेक्षा हे जेवण स्वस्त आणि सरस. संध्याकाळीही दिवस मावळायच्या आत वाढतात, कुणाला समजावावं लागत नाही.

तर तारे. प्रवास आणि हॉटेलं ठीक, खोल्या स्वच्छ, गरम पाणी सकाळी सहाला. एक. मॅनेजर पोरगा, एक. दिलवाड्याला आणि राणकपूरला नेऊन सोडलं, त्याचा अर्धा. उरलेला अर्धा त्यांनी वेळेत घालवला. कुंभारियाचा शून्य, गाइडचाही शून्य. आणि एक सासूबाईंचा, जो खरं तर कंपनीच्या खात्यात जमा करायला नको, पण एकूण बेरीज बरी दिसावी म्हणून केला.

जाणार असाल तर दिलवाड्याला दुपारी बारालाच पोचा, आधी नाही. एक लहानशी दुर्बीण न्या, छतासाठी. राणकपूरला मुक्काम करा, निदान पूर्ण दुपार द्या. दिलवाड्याआधी जमलं तर बेळगावची कमळ बस्ती बघून घ्या, ती किल्ल्यात आहे आणि निपाणी-बेळगावकडच्या माणसाला एका सकाळचं काम आहे. आम्ही परत आल्यावर गेलो. सासूबाईंनी खाली खुर्ची टाकून घेतली आणि माझ्याकडून पाकळ्या मोजवून घेतल्या. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा ७२ आल्या.

गेल्या आठवड्यात मालकांचा फोन आला होता. मार्चमध्ये हीच सहल परत नेताहेत, कुंभारिया नक्की, जेवण साडेपाचला, जुन्या प्रवाशांना दोन हजार सवलत. मी विचारलं, राणकपूरला किती वेळ? म्हणाले, ‘‘ताई, या वेळी वाढवलाय. दोन तास.’’